नळावरचं फडकं

बसस्थानकावर चौकशीची खिडकी असते तशी आपल्या गल्लीत ही बाई आहे, असं कुणीतरी गमतीनं म्हणालं आणि तेव्हापासून तिचं नाव ‘खिडकी’च पडलं. फरक एवढाच की स्थानकावर लोक विचारतात आणि खिडकी सांगते. इथं खिडकीच विचारायची. शेजाऱ्यांनी भिंतीचा रंग अर्ध्यातच का सोडला? कोपऱ्यावरचा चांभार आज डाव्या पायानं का लंगडतोय? उत्तर मिळेपर्यंत तिला चैन पडत नसे. सासूबाई म्हणत, “देवानं सगळ्यांना नाक दिलं श्वास घ्यायला. तुला दिलं खुपसायला.”

घर चढावर होतं. खालच्या रस्त्यावरून पायऱ्या चढत यायचं आणि दम लागला की समजायचं, घर आलं. पुढच्या खोलीत नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा, त्यामुळे सगळ्या घराला मशीनच्या तेलाचा वास. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोपणं आणि सासूबाईंचं राज्य. सासूबाईंनी उभा जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात काढला होता. रक्ताच्या, पुवाच्या चादरी उकळून पांढऱ्याशुभ्र करणारी बाई ती. तिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येत असेल. आणि तरीही या घरातली धाकटी, खिडकीची लेक, दर थोड्या दिवसांनी पोट धरून बसायची. जुलाब, मग ताप, मग शाळा बुडवणं. अंगावर मांस म्हणून धरेना.

पूर्वी टँकरचं पाणी यायचं तेव्हा गल्लीतली सगळीच मुलं अशी होती, म्हणून कुणी नवल करत नसे. मग दारोदार नळ आले. औषध घातलेलं स्वच्छ पाणी. लोक म्हणाले, सुटलो. आजारपण थोडं कमी झालंही, पण गेलं मात्र नाही. खिडकी भेटेल त्याला विचारत सुटली, “पाणी बदललं, मग पोटं का नाही बदलली?” कुणी म्हणालं हवा, कुणी म्हणालं नशीब, एकानं तर तिच्या प्रश्नांनाच दोष दिला.

हाच प्रश्न घेऊन खालच्या रस्त्यावर कुणीतरी आधीच बसलेलं होतं, हे तिला नंतर कळलं. जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर पाण्यावर संशोधन करणारं एक छोटं केंद्र आलं होतं. तिथली मुख्य बाई डॉक्टर होती, पण औषध देणारी नव्हे. गल्लीत तिचं नाव ‘बिनगोळीची डॉक्टर’. तिला वस्तीतली एक बाई कामाला हवी होती, घरोघर जाऊन विचारपूस करायला आणि पाण्याचे नमुने आणायला. खिडकीच्या नवऱ्यानं मशीनच्या पट्ट्यावरून नजर न काढता म्हटलं, “जा की. फुकट करतेस तेच पगारावर कर.”

मुलाखतीत डॉक्टरबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. बाकी सगळं खिडकीनंच विचारलं: त्या पेटीत दिवा का लावलाय, बाटल्यांत तळाला ती पूड कसली, झाकणं उकळलेली असतात का, आणि तुम्ही औषध देत नाही तर मग डॉक्टर कशा?

डॉक्टरबाई हसल्या. “माणूस आजारी पडायच्या आधीची डॉक्टर आहे मी. उद्यापासून येता?”

खिडकीला वाटलं, आपण तर जन्मतःच या कामात तयार आहोत. पहिल्या आठवड्यात तिनं गल्लीची एक अख्खी बाजू पालथी घातली आणि ताठ मानेनं उत्तरं आणून टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनी ती चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“तुमच्या गल्लीत सगळे जेवायच्या आधी साबणानं हात धुतात. सगळे पाण्याचं भांडं झाकून ठेवतात. एकही माणूस चुकत नाही. मग आजारी कोण पडतं?”

खिडकीनं कागद स्वतःकडे ओढून पुन्हा चाळले.

“तुम्ही नेमकं कसं विचारलंत? मला विचारून दाखवा.”

“विचारलं की, हात साबणानं धुता ना?”

“त्यातला तो ‘ना’ काढा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्या ‘ना’मध्येच उत्तर आहे. समोरची बाई बिचारी ‘हो’ म्हणण्याशिवाय काय करेल? तिला विचारा, साबण कुठे ठेवता, दाखवता का. आणि विचारलं की गप्प बसा. कितीही वेळ लागो, मध्ये बोलायचं नाही.”

गप्प बसा! हे तिला कुणी पहिल्यांदा सांगत होतं असं नाही, पण कामाचा भाग म्हणून पहिल्यांदाच. सुरुवातीला जिवावर आलं. प्रश्न विचारून ओठ घट्ट मिटून बसायची आणि मांडीखाली हात दाबून धरायची. पण मग गंमत लक्षात यायला लागली. ती गप्प राहिली की समोरच्या माणसाला ती शांतता सहन होत नसे. आधी वरवरचं उत्तर यायचं, मग थोडं थांबून खरं. “साबण... आहे ना, वर ठेवलाय. मुलं नासतात म्हणून. म्हणजे तसा आम्ही अंघोळीलाच काढतो.” इतकी वर्षं आपण विचारत होतो, पण ऐकत कुठे होतो, असं तिला वाटून गेलं आणि ते तिनं नवऱ्याजवळ बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, “डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांग.”

नमुन्यांचं काम तिला जास्त आवडायचं. छोट्या बाटलीत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेच्या पेटीत ठेवून द्यायचं. पाणी चांगलं असेल तर बाटली फिकटच राहते. त्यात पोटातले जंतू असतील तर हळूहळू काळी पडते, शाई सांडल्यासारखी. सकाळी आल्या आल्या ती आधी पेटीचं दार उघडायची.

आणि निकाल असा विचित्र येत होता की डॉक्टरबाईही बुचकळ्यात पडल्या. नळाचे नमुने फिकट. घरातल्या भांड्यांचे मात्र कित्येक काळे. म्हणजे नळ ते भांडं एवढ्या हातभर अंतरात पाण्याला काहीतरी होत होतं. भांडी घाणेरडी? घासून लख्ख असलेल्या भांड्यांतही काळं. हात बुडवतात? लांब दांड्याची पळी वापरणाऱ्या घरांतही काळं.

“आपल्याला एक चांगलं घर हवं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जिथे सगळं नीट होतं असं. त्याच्याशी बाकीची घरं ताडून बघू.”

“मग लांब कशाला जायचं?” खिडकी म्हणाली. “आमचंच घ्या. माझ्या सासूबाई आहेत म्हटल्यावर...”

तिनं घरच्या भांड्यातलं पाणी आणून पेटीत ठेवलं आणि निर्धास्त झोपली. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर सगळ्यांत काळी बाटली तिच्या घरची होती.

ती म्हणाली, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा आणलं, पुन्हा काळं. मग ती घरी सगळ्यांच्या हाताकडे बघायला लागली. नवऱ्याचा तेलकट हात भांड्याजवळ गेला की ओरडायची. भांडं स्वतः घासलं, उकळत्या पाण्यानं विसळलं, ताजं पाणी भरून तासाभरात नमुना घेतला. काळं ते काळंच. तिला रडू यायचं बाकी राहिलं. धाकटी त्याच पाण्यावर वाढत होती.

डॉक्टरबाई मात्र खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसल्या. “घाबरू नका. हे फार चांगलं झालंय. आता आपण पाण्याचा हात धरून चालू. तुमच्या घरात पाणी येतं तिथपासून एकेक पाऊल. चला.”

दोघी घरी आल्या. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. नवऱ्यानं मशीन बाजूला सारून वाट करून दिली आणि तोही बघत उभा राहिला. नमुना घेण्याची रीत ठरलेली होती: नळाच्या तोंडाला काही लावलेलं असेल तर ते काढायचं, तोंड पुसायचं, थोडं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली धरायची. खिडकीनं हे इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालले. तिनं नळावरचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं आणि नळ उघडला.

“थांबा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या तिच्या खांद्याकडे बघत होत्या. “ते काय आहे?”

“गाळणीचं फडकं. पाणी गाळून घ्यायला. सगळ्यांच्याच नळाला असतं.”

“सगळ्यांच्या?”

“जवळजवळ.”

“आणि नमुना घेताना तुम्ही दर वेळी ते काढता.”

“तुम्हीच सांगितलंत काढायला!”

“मीच सांगितलं,” डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. “आणि माझ्या प्रश्नांतही, पाणी गाळता का याला ‘हो’ आलं की मी ते घर चांगलं धरत होते.” त्यांनी फडकं हातात घेतलं. बाहेरून पांढरं होतं. आतली घडी उलगडली तर बुळबुळीत. नवऱ्यानं पुढे होऊन वास घेतला आणि नाक आवळलं.

त्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या भरल्या. एक उघड्या नळाची, एक फडक्यातून आलेल्या पाण्याची. पहिली फिकट राहिली. दुसरीचं काय झालं ते सांगायला नको. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

आता एवढं कळल्यावर कुणीही आनंदानं नाचलं असतं. खिडकी पायऱ्या चढताना दर वळणावर थांबत होती. कारण ही फडकी गल्लीत आली कुठून, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टँकरच्या काळात पाण्यात गाळ यायचा, बारीक किडे वळवळायचे. तेव्हा सासूबाई धुलाईघरातून जुन्या चादरींचे तुकडे मागून आणायच्या आणि घरोघरी वाटायच्या. चार पदरी घडी कशी करायची ते प्रत्येकीला शेजारी बसून शिकवायच्या. गल्लीत आजही त्यांना मान होता तो त्या फडक्यांमुळे. त्या पाण्यात निदान गाळ आणि किडे अडायचे, पोरांची पोटं थोडी तरी वाचायची. नळ आले, गाळ गेला, फडकं मात्र राहिलं.

हे हळूच, गोडीनं, जेवण झाल्यावर सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. पण घरात शिरली तेव्हा सासूबाई नवं फडकं नळाला बांधत होत्या आणि धाकटी भांडं धरून उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, “आई, नका बांधू! त्या फडक्यानंच पोरगी आजारी पडतेय!”

सासूबाईंचे हात थांबले. “काय म्हणालीस?”

मग खिडकीनं सगळं सांगितलं, नको तितकं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “दिवसभर पाण्यात असलेलं फडकं घाण कसं होईल? घाण व्हायला कोरडं, मळकं राहावं लागतं. हे तर सारखं धुतलंच जातंय.”

सासूबाईंनी फडक्याची गाठ घट्ट केली आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं. सासू सुनेला पाण्यात पाहते असं म्हणतात, ते त्या घरात अक्षरशः खरं झालं. सून नळाजवळ गेली की सासू नजर वळवायची. सून फडकं सोडायची, सासू बांधायची. निरोप नवऱ्यामार्फत जायचे. “तिला सांग, मीठ संपलंय.” “आईंना सांगा, आणलंय.” नवरा मशीनचं चाक जरुरीपेक्षा जोरात फिरवायचा.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “त्या बाटल्या मला दाखवणार आहे का कुणी? की नुसत्या गप्पाच?”

छापखान्याचा जिना चढताना त्यांना दम लागला, पण हात धरू दिला नाही. डॉक्टरबाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. सासूबाईंनी चहाला हात लावला नाही. पिशवीतून त्यांनी तीन फडकी काढून टेबलावर मांडली.

“हे आमच्या नळावरचं, जसंच्या तसं. हे नळावरचंच, पण हातानं साबण लावून धुतलेलं. आणि हे मी धुलाईघरात करत होते तसं, उकळून, पिळून, कडक उन्हात वाळवलेलं. तिन्हीतून तुमच्या समोर पाणी गाळा. मग बोलू.”

डॉक्टरबाईंनी खिडकीकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना, पण ते कौतुकाचं होतं. “आजी, हा प्रयोग मला सुचायला हवा होता. आणि चौथी बाटली आपण फडक्याशिवायची ठेवू. म्हणजे ताडून बघता येईल.”

“ठेवा,” सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई केंद्राचं कुलूप उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसल्या होत्या. पेटी उघडली. नळावरचं फडकं: काळी. साबणानं धुतलेलं: तीही काळी, जराशी कमी. उकळून वाळवलेलं: फिकट. फडक्याशिवायची: फिकट.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बाटल्या उजेडाला धरल्या. खिडकी आता गप्प राहण्यात पटाईत झाली होती.

“म्हणजे फडक्याचा दोष नाही,” अखेर सासूबाई म्हणाल्या. “ओलेपणाचा आहे.”

“बरोबर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कापड सतत ओलं राहिलं की पदरांमध्ये जंतूंची वस्ती होते. वरून पाणी वाहतं, पण ते त्यांना धुवत नाही, पोसतं. नळाच्या पाण्यातलं औषध इतक्या वर येईस्तोवर फिकं पडलेलं असतं, तेवढ्यानं ते मरत नाहीत.”

“मग मी सगळ्यांना सांगते, रोज उकळा.”

डॉक्टरबाईंनी बाटल्या पुन्हा रांगेत लावल्या. मग विचारलं, “तुमच्या गल्लीत रोज फडकं उकळण्याइतका गॅस कुणाकडे आहे?”

सासूबाईंनी मनातल्या मनात एकेक दार आठवलं असावं. त्यांची मान खाली गेली. “कुणाकडेच नाही. पावसाळ्यात ऊनसुद्धा नाही.” मग त्या म्हणाल्या, “आणि आता गाळायला गाळ तरी कुठे आहे? मी उगाच बांधत होते.”

“तेव्हा उगाच नव्हतं,” खिडकी म्हणाली. तिच्याशी थेट बोलायचं नाही हे सासूबाई विसरल्या आणि म्हणाल्या, “तेव्हाचं तेव्हा गेलं गं. कालचा चहा तसाच राहिला, आज दुसरा सांग.”

खरी कसोटी पुढे होती. दोघी मिळून गल्लीत निघाल्या. सून विचारायची, सासू सांगायची. बहुतेकींनी ऐकलं, कारण सांगणारी तीच होती जिनं बांधायला शिकवलं होतं. काही जणी रडकुंडीला आल्या. एकीनं मुलाला जवळ ओढून घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. पण चांभारानं अडवलं. “मावशी, आधी म्हणालात बांधा. आता म्हणता सोडा. उद्या म्हणाल, पाणीच पिऊ नका!”

“उद्या नवीन काही कळलं तर उद्या पुन्हा येईन,” सासूबाई म्हणाल्या. “कळूनही आले नाही तर मग बोल लाव.”

चांभारानं फडकं सोडलं नाही ते नाहीच. पण त्याची बायको तो दुकानात गेला की ते काढून ठेवायची, हे खिडकीला कळायला किती वेळ लागणार?

पुढच्या काही महिन्यांत भांड्यांच्या बाटल्या फिकट व्हायला लागल्या. धाकटी दोनदाच आजारी पडली, मग बराच काळ नाही. तिचे फ्रॉक आखूड व्हायला लागले तेव्हा सासूबाईंनी शिलाई उसवून खालची दुमड सोडली आणि मुलाला म्हणाल्या, “मशीन रिकामी कर जरा.” डॉक्टरबाईंनी दुसऱ्या वस्त्यांतही नळावर काय काय बांधलेलं असतं याची पाहणी सुरू केली. त्या प्रश्नांमध्ये एकही ‘ना’ राहू नये म्हणून खिडकीला शेजारी बसवून घेतलं.

सगळं सुटलं असं मात्र झालं नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला काही घरं अशी होती की तिथे फडकं कधी नव्हतंच, आणि तरी बाटल्या काळ्या. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, “याचं कारण मला अजून माहीत नाही.” इतकी शिकलेली बाई ‘माहीत नाही’ इतक्या सहज म्हणते, याचं खिडकीला नेहमीच नवल वाटायचं.

एका दुपारी सासू-सून दोघी वरच्या टोकाच्या एका घरात बसल्या होत्या. घरवाली नळाला लांब रबरी नळी जोडून आतल्या पिंपात पाणी सोडत होती. पाणी भरून झालं, तिनं नळी गुंडाळली आणि दारामागे खिळ्याला अडकवली. नळीच्या तोंडातून एक थेंब लोंबत राहिला.

“ही नळी किती जुनी?” खिडकीनं विचारलं आणि गप्प बसली.

घरवाली आठवू लागली. “आमचं लग्न झालं तेव्हाची... म्हणजे सासऱ्यांनी आणलेली. चांगली आहे अजून, कुठे गळत नाही.”

सासूबाई उठल्या. त्यांनी नळीचं तोंड उजेडाकडे वळवून एक डोळा मिटला आणि आत बघितलं. काही दिसलं नाही. मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, “हिला नवी नळी आणून देऊ. ही घरी नेऊ आणि तुझ्या नवऱ्याला सांगू, पट्टे कापायच्या कात्रीनं उभी चीर.”

“आतून बघायला?”

“मग काय बाहेरून?” सासूबाई म्हणाल्या आणि नळी खांद्याला अडकवून सुनेच्या पुढे पायऱ्या उतरायला लागल्या.